वहिनीने डिस्क बदलली

आमच्या वहिनीला कानाने काम करायची सवय आहे. तिच्या भरतकामाच्या मशीनचा दोरा तुटायच्या आधी ती स्वयंपाकघरातून ओरडते, "आता तुटणार बघ!" आणि तो तुटतो. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. कारण सांगितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. म्हणून एकदा मी तिला विचारलं, तुला हे कळतं कसं? ती म्हणाली, "मागच्या बाकावरची पोरं एकदम गप्प झाली की तुला कसं कळायचं, मास्तरीण?"

मास्तरीण हे नाव तिनेच मला ठेवलेलं आहे. मी तिची नणंद, वरच्या खोलीत राहते, जेवायला खाली येते आणि मत मागितलं नसलं तरी देते. इतक्या वर्षांत आमचं भांडण पुष्कळदा झालं, पण अबोला एकदाही टिकला नाही, कारण दोघींनाही बोलल्याशिवाय राहवत नाही.

वहिनी बिल्ले करते. कपड्यावर शिवतात ते. नर्सच्या बाहीवरचा, सुरक्षारक्षकाच्या खिशावरचा, शाळेच्या स्वेटरवरचा, नाव वल्हवणाऱ्यांच्या क्लबच्या टोपीवरचा. पुढची खोली तिची. खिडकीशी भरतकामाचं मशीन, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर. लेक शिकायला बाहेर पडली तेव्हा वहिनीने एका बंद पडलेल्या कारखान्यातून मशीन आणि कॉम्प्युटर अशी जोडी आणली. शिकवायला कोणी नव्हतं. चुकत चुकत, सुया मोडत मोडत ती स्वतःच शिकली. चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, कुठला टाका कुठून कुठे जाणार ते त्यात भरायचं, आणि केबलमधून ते मशीनकडे धाडायचं. मशीन तो बिल्ला भरून काढतं.

तो चित्र काढायचा प्रोग्रॅम फक्त त्याच कॉम्प्युटरवर होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. ज्या सीडीवरून तो घातला होता ती कारखान्याबरोबरच गेली. थोडक्यात, वहिनीचा सगळा धंदा त्या पत्र्याच्या खोक्यातल्या एका डिस्कवर बसलेला होता. तिने केलेले सगळे बिल्लेही तिथेच.

आता दादाचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमामुळे झालं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. वीज कंपनीत मीटर तपासायच्या कामावर होता. दुसऱ्यांची बिलं बघून बघून त्याला स्वतःच्या घरातला दिवाही डोळ्यात खुपायला लागला. माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत हा दिवा मालवतो. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: "तो तयार होईपर्यंत मॉनिटर कशाला लावायचा? काळोख बघायला वीज जाळू नका."

तेव्हापासून आमच्याकडची पद्धत अशी. खोक्याचं बटण दाबायचं, मॉनिटरला हात लावायचा नाही, आणि स्वयंपाकघरात जायचं. तिकडे डिस्क कामाला लागायची. आधी गुरगुर, मग खरखर, मग बारीक दळल्यासारखा आवाज. तो थांबला की समजायचं, कॉम्प्युटर तयार झाला. मग हात पुसत बाहेर यायचं, मॉनिटर लावायचा आणि कामाला बसायचं. वहिनीला हे छान जमायचं, कारण मुळात तिचा कान तसला. पण मीसुद्धा शिकले. लेक सुट्टीवर आली की तीही तसंच करायची. इतकी वर्षं झाली की हा नियम आहे हेच आम्ही विसरून गेलो. कॉम्प्युटर असाच चालू करतात, असं आम्हाला वाटायचं.

डिस्क म्हातारी होत गेली तसं दळण लांबत गेलं. सुरुवातीला तेवढ्या वेळात वहिनी मटार सोलायची. पुढे मटार सोलून, भाजी फोडणीला टाकून, बहिणीला फोन करून व्हायचा. आणि एक गोष्ट हळूच घडली, जी माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नाही. वहिनीने नवीन चित्रं काढणं सोडलं. एक रेघ ओढली की ती पडद्यावर उमटेपर्यंत थांबावं लागायचं. मग ती जुनीच चित्रं उघडायची, अक्षरं बदलायची, रंग बदलायची आणि द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "जुनीच बरी असतात गं." पण आधी हीच बाई नवा बगळा काढला की मला वरून हाक मारून बोलवायची. ते खोटं आहे हे मला कळलं आणि वाईट वाटलं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी पुढच्या खोलीत धावली. मी जिन्यात होते.

"बदलला," ती म्हणाली.

"काय बदललं?"

"आवाज. ऐक."

मी ऐकलं. दळणाच्या मध्येच कट असा आवाज. मग काही वेळ नेहमीची खरखर. मग परत कट.

दादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "तुला भास होतात."

"मला भास झाला तर मास्तरणीला पण झाला का?"

"तिला तर रोजच होतात."

दुरुस्तीवाला आला. आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्याचं दुकान, तरुण आणि सरळ माणूस. त्याने काहीतरी तपासणी लावली, पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि त्याने मान हलवली. "काकू, तुमचा कान बरोबर आहे. ही डिस्क जाणार. आज जाईल की महिन्याने, सांगता येत नाही."

"आणि आतलं?"

"ती जायच्या आत सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. प्रोग्रॅमसकट. एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे झटपट चालते." तो कॉम्प्युटर दुकानात न्यायला तयार होता, पण त्याच्याकडे कामाची रांग लागलेली, आणि वाटेत हादरे बसले तर ही डिस्क तिथेच राम म्हणेल असं तोच म्हणाला. शेवटी म्हणाला, "खरं तर अवघड काही नाही. मी सगळं सांगतो, नक्कल करायचा प्रोग्रॅम टाकून देतो. घरीच करा. अडलं तर फोन करा."

तेवढ्यात दादाने पेपर खाली ठेवला. तो पेपर आपणहून खाली ठेवतो तेव्हा समजायचं, काहीतरी बरेच दिवस मनात शिजत होतं.

"मी म्हणतो, आता पुरे," तो म्हणाला. "मान दुखते म्हणून रात्रभर कण्हत असतेस. डोळ्यांना पाणी येतं. ते खोकं मरतंय तर मरू दे. मशीन चांगलं आहे तोवर विकून टाकू. एक शिवणकामवाली आहे, तिला हवंय. तिच्याकडे नवा कॉम्प्युटर आहे. मी बोलून ठेवलंय."

"बोलून ठेवलंय?" हे मी म्हटलं.

"रविवारी संध्याकाळी ती बघायला येणार आहे. या खोलीत ऊन येतं. आपण दोघं इथे बसू."

दादाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. वहिनीची मान खरंच दुखायची, आणि त्याला ती खरंच सोबत हवी होती. पण डिस्क मरतेय हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जो सुंठीवाचून खोकला गेल्याचा भाव आला, तो बघून मला असा संताप आला की मी त्याला भरपूर सुनावणार होते. वहिनीने हाताने मला थांबवलं.

"रविवारी ती येईपर्यंत हा कॉम्प्युटर नव्या डिस्कवर चालू झाला, तर मशीन इथेच राहणार आणि हा विषय परत काढायचा नाही," ती दादाला म्हणाली. "नाही झाला, तर तिला देऊन टाका. मी एक शब्द बोलणार नाही."

"ठरलं," दादा म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी तिच्या मागे. "कबूल कशाला झालीस?" मी फणकारले. "तुझं मशीन, तुझं काम, आणि अट कसली घालतेस?"

ती ओट्याला टेकून उभी होती. "डिस्क गेली तर मशीन घेऊन करू काय? त्यावर पापड वाळत घालू?" मग म्हणाली, "तुला माहीत आहे का, मला कशाची भीती वाटते? आज लोक मला फोन करतात आणि विचारतात, कधी देताय? उद्या विचारतील, कशा आहात? ज्याला काम नसतं त्याला लोक तसं विचारतात. प्रेमाने विचारतात. मला नको ते."

मी निवृत्त झाले त्या दिवसापासून लोक मला तेच विचारत होते.

रविवारी सकाळी वहिनीने नवी डिस्क केबलने खोक्याला बाहेरून जोडली आणि नक्कल सुरू केली. पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. नक्कल होईपर्यंत कशालाही हात लावू नका असं दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं. आम्ही घरात चोरपावलांनी फिरलो. मी जिना उतरताना कठडा धरला, म्हणजे पाय आपटायला नको. दादाला खोकला आला तर तो अंगणात जाऊन खोकला, हे मी त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. अधूनमधून डिस्क कट करायची आणि पट्टी थांबायची. तेव्हा वहिनी खुर्चीच्या काठावर यायची. पट्टी हलली की परत मागे टेकायची. एकदा पट्टी इतका वेळ थांबली की वहिनीने चक्क डिस्कला उद्देशून म्हटलं, "बाई गं, एवढं ओझं उतरव आणि मग झोप." पट्टी सरकली.

जेवणं उरकली तेव्हा पट्टी भरली. नक्कल पूर्ण झाली असं पडद्यावर आलं. आम्ही दोघी उगाचच कुजबुजत एकमेकींचं अभिनंदन करत होतो.

मग खोकं उघडायचं. तिने कॉम्प्युटर बंद केला, नियमाप्रमाणे मॉनिटरही मालवला, वायर काढली, अंगावरची वीज उतरावी म्हणून खोक्यामागच्या पंख्याच्या लोखंडी चौकटीला हात लावून घेतला, कारण दुरुस्तीवाल्याने तसं सांगितलं होतं, आणि बाजूचा पत्रा सरकवला. आतून धुळीची गादीच निघाली. मशीनमधला कापूस काढायच्या ब्रशने तिने ती साफ केली. स्क्रू निघतील तसे रिकाम्या बॉबिनच्या डबीत टाकले. दादा आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. "ती लाल वायर नको ओढू. हळू. हळू म्हटलं ना."

"अहो, लाल वायर मी धरलेलीच नाही."

"मग ठीक आहे."

जुनी डिस्क हातात घेतली तर वजनाला चांगली जड, विटेचा तुकडा असावा तशी. नवी मात्र रिकाम्या डबीसारखी. वहिनीने ती तळहातावर उडवून बघितली. "यात खरंच काही आहे ना गं?" ती म्हणाली. मला हसू आलं. तिने नवी डिस्क पत्र्याच्या चौकटीत बसवली, एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन केबल खोचल्या, पत्रा लावला, वायर जोडली आणि बटण दाबलं.

आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो.

हो, गेलो. इतक्या वर्षांची सवय. बटण दाबलं की पाय आपोआप तिकडे वळतात. ओट्याशी उभं राहून आम्ही कान लावले. पंख्याची घरघर आली. त्यापुढे काही नाही. गुरगुर नाही, खरखर नाही, दळण नाही. वहिनीने डोळे मिटून घेतले. ऐकायला अडथळा नको म्हणून मी उकळतं दूध खाली उतरवलं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"थोडं थांब."

आम्ही थांबलो. काहीच नाही.

"जागी होत नाहीये गं. पंखा फिरतोय, पण आत जीव नाही."

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. रविवार असून त्याने उचलला, हा त्याचा चांगुलपणा. मी फोनला कान लावून शेजारी उभी होते, म्हणून पुढचं संभाषण जसंच्या तसं सांगते.

"काकू, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काहीच नाही रे. सगळा काळोख."

"मॉनिटर ठीक आहे ना?"

"मॉनिटरला काय धाड भरलीय? तो चांगला ठणठणीत आहे."

"मग केबल नीट बसली नसेल, नाहीतर नक्कल नीट झाली नसेल. जुनी डिस्क परत लावून बघा. तिच्यावर चालू झाला तर उद्या मी येतो."

यात त्याचं काय चुकलं? आणि वहिनी तरी काय खोटं बोलली? स्क्रीनवर काळोख होताच. मी गणिताची शिक्षिका तिथे उभी राहून हे ऐकत होते आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तिने बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला, परत खोकं उघडलं आणि जुनी डिस्क लावली. बटण दाबलं. यावेळी स्वयंपाकघरात जायची गरज पडली नाही. कट. कट. कट. मग एक लांबलचक कण्हणं, आणि सगळं शांत. डिस्क फिरायचीच थांबली.

त्या शांततेचा अर्थ लावायला वहिनीच्या कानाची जरूर नव्हती. तो मलाही कळला.

वहिनी टेबलाला धरून खाली बसली. रडली नाही. मी मात्र रडले, आणि रडता रडता दादाकडे असं बघितलं की तो उठून खिडकीशी गेला. तो म्हणाला, "जाऊ दे गं. तू तुझ्या परीने सगळं केलंस." तो मनापासून बोलत होता. म्हणूनच ते ऐकवलं नाही.

थोड्या वेळाने वहिनी उठली. जुनी डिस्क काढली आणि नवी परत बसवायला लागली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"पाहुणी येणार. तिच्यासमोर खोकं असं पोट उघडं टाकून बरं दिसतं का?" तिने स्क्रू घट्ट केले, पत्रा लावला, टेबल पुसलं. वायर जोडली. जोडलीच आहे तर म्हणून बटणही दाबलं. पंखा फिरला. तिने मान वाकडी करून ऐकलं. मग मान सरळ केली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

शिवणकामवाली साधारण तिशीची होती, खांद्यावर कापडाची मोठी पिशवी, गळ्यात टेप तसाच लटकलेला. तो काढायचं विसरून बाहेर पडलेली दिसत होती. दादाने तिला आत घेतलं. वहिनीने तिला बसायला सांगितलं आणि मशीनवरचं कापड काढलं. नवी नवरी दाखवावी तसं नाही, तर आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं.

"छान ठेवलंय हो काकू," ती मशीनभोवती फिरून म्हणाली. "एकदा चालवून दाखवाल?"

"त्याला कॉम्प्युटरवरून चित्र धाडावं लागतं," वहिनी म्हणाली. "आणि कॉम्प्युटर गेला. आजच गेला."

"हा?" ती टेबलाकडे वळली. "हा तर चालू आहे. दिवा लागलाय की."

"नुसता दिवा. आत काही नाही."

"मग मॉनिटर का बंद ठेवलाय?"

असं म्हणून तिने, जिला आमच्या घरचे नियम कोणी सांगितले नव्हते, त्या बाईने, बोट पुढे केलं आणि मॉनिटरचं बटण दाबलं.

पडदा उजळला. आणि त्याच्यावर सगळं होतं. वहिनीने लावलेलं लेकीचं जुनं चित्र, त्याच्यावर ओळीने मांडलेले बिल्ल्यांचे फोल्डर, नर्स, शाळा, क्लब, आणि कोपऱ्यात तिचा प्रोग्रॅम. कॉम्प्युटर केव्हाचा तयार होऊन काळोखात आमची वाट बघत बसला होता.

मग मी हसायला लागले. मला थांबताच येईना. पोट धरून मी जिन्याच्या पायरीवर बसले. "अगं, ती आवाजच करत नाही!" मी ओरडले. "तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणाला ना तो! आवाज येणार कुठून? आणि आपण दोघी ओट्याशी कान लावून उभ्या!" शिवणकामवाली आमच्याकडे वेड्यांच्या इस्पितळात आल्यासारखी बघत होती.

वहिनी हसली नाही. ती खुर्चीत बसली आणि माउसवर हात ठेवून प्रोग्रॅमवर टिचकी मारली. सवयीने स्वयंपाकघराकडे जायला उठणार, तोच प्रोग्रॅम उघडला. ती अर्धवट उठलेली तशीच परत बसली. बगळ्याचं चित्र उघडलं. लगेच उघडलं. क्लबचा हा बगळा तिच्या सगळ्या कामात अवघड, चोचीशी दोरा हमखास तुटायचा. तिने चित्र मोठं केलं, चोचीपाशी आली, एक टाका खेचून जरा अलीकडे घेतला. तिच्या हाताबरोबर रेघ सरकली. तिने तो परत मागे नेला. परत पुढे आणला. मांजर दोऱ्याशी खेळतं तशी ती त्या टाक्याशी खेळत राहिली, आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रेघ लगेच येते गं, मास्तरीण," ती म्हणाली. "मी ओढते आणि ती येते."

मला इतका आनंद झाला की मी दादाच्या पाठीत एक धपाटा घातला. आमच्या वयात हे शोभत नाही, पण घातला.

वहिनीने चित्र मशीनकडे धाडलं, चौकटीत कापड ताणून बसवलं, आणि मशीन सुरू झालं. खोली त्या ओळखीच्या धडधडीने भरून गेली. पाय आले, पंख आले, मान आली. चोचीपाशी आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. दादानेसुद्धा. दोरा तुटला नाही. बगळा पुरा झाला.

शिवणकामवालीने बिल्ला हातात घेऊन उलटा केला, मागची बाजू बघितली. काम कळणारं माणूस नेहमी मागची बाजू बघतं. "घेतलं मी मशीन," ती म्हणाली. "अजून कोणी बघायला येणार असेल तर त्याला नाही म्हणा."

मी दादाकडे बघितलं. वहिनीनेही बघितलं. आता हा काय बोलतो, यावर सगळं होतं. दादाने घसा साफ केला.

"बाई, तुम्हाला तसदी झाली," तो म्हणाला. "पण मशीन विकायचं नाही. कॉम्प्युटर चालू झाला तर विकायचं नाही, असं आमचं ठरलंय. तो चालू झालाय. तुम्हीच केलात."

त्याच्या आयुष्यातली कितीतरी वाक्यं मला पटलेली नाहीत. हे पटलं.

ती बाई वैतागली, आणि तिचं बरोबरच होतं. "मग मला एवढ्या लांब बोलावलंत कशाला? माझ्याकडे पोरींच्या खेळाच्या संघाचे कपडे आलेत. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांना घार हवीय. नुसतं नाव नको म्हणतात, घारच पाहिजे. मी मशीनच्या भरवशावर हो म्हणून बसलेय. आता काय सांगू त्यांना?"

"घार कशी हवी?" वहिनीने विचारलं.

"कशी म्हणजे?"

"बसलेली, घिरट्या घालणारी, की झडप घालणारी?"

ती बाई विचारात पडली. "झडप घालणारी," ती म्हणाली.

"मशीन तुम्हाला मिळायचं नाही. घार मिळेल. कापड आणलंय का?"

तिने पिशवीकडे बघितलं. मग पिशवीतून एक निळा सदरा काढून टेबलावर पसरला. वहिनीने तो पाठ वर येईल असा उलटा केला, बोटांनी मोजून रुंदी बघितली आणि पडद्यावर कोरं पान उघडलं. तिने कोरं पान उघडलेलं मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. मी पायरीवरून उठले आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. एक वळण आलं, मग दुसरं, आणि पंख असा बाहेर झेपावला की शिवणकामवाली खुर्ची ओढून जवळ सरकली.

"नखं मोठी हवीत," ती म्हणाली.

"थांबा, येतात."

दादा खोलीच्या मधोमध उभा होता. त्याला कुठे बसावं कळत नव्हतं. "अगं, पाहुण्यांना चहा-बिहा?" तो म्हणाला.

वहिनीने मान वळवली नाही. तिचा हात चालूच होता.

"तुम्ही टाका ना," ती म्हणाली. "मला काम आहे."